पानावरचा आडवा हात : मेथचं व्यसन आणि परतीची वाट

मुलाला व्यसनमुक्ती केंद्रातून घरी येऊन दोन महिने झाले आहेत. लघवीची तपासणी तीनदा झाली, तिन्ही वेळा काही सापडलं नाही. वजन भरतंय, गालावर रंग आलाय. आई त्याच्या आवडीची पुरणपोळी करते, वर तुपाची धार सोडते. तो दोन घास खातो आणि ताट सरकवतो. घरात सगळे क्रिकेटचा सामना बघत असतात, तो आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहतो. आणि एका संध्याकाळी, कसलंही भांडण झालेलं नसताना, तो पुन्हा नशा करून येतो.

आईचा प्रश्न साधा असतो. "अंगातून तर सगळं गेलं होतं ना? मग पुन्हा का?"

कुणी म्हणतं मन कच्चं आहे, कुणी म्हणतं संगत वाईट. पण या प्रश्नाचं उत्तर त्या अर्धवट सोडलेल्या पुरणपोळीत आहे. मेथॲम्फेटामीन नावाचा पदार्थ शरीरातून काही दिवसांत निघून जातो. साध्यासुध्या गोष्टींतली गोडी परत यायला मात्र कित्येक महिने लागतात. या बेचव महिन्यांत माणसाला धरून ठेवायचं, हाच या व्यसनावरच्या उपचाराचा गाभा आहे. ते कसं, हे समजून घ्यायचं तर आधी पदार्थाची आणि मग मेंदूची ओळख करून घ्यायला हवी.

थकवा घालवणारी गोळी

मेथॲम्फेटामीन हे प्रयोगशाळेत बनवलेलं उत्तेजक आहे. व्यवहारात त्याला मेथ, आईस किंवा क्रिस्टल म्हणतात, कारण त्याचे खडे तुरटीसारखे, काचेसारखे चमकतात. जपानी शास्त्रज्ञ नागाई नागायोशी यांनी 1885 मध्ये एका जुन्या चिनी औषधी वनस्पतीतून एफेड्रिन वेगळं काढलं आणि 1893 मध्ये त्यापासून मेथॲम्फेटामीन तयार केलं. 1919 मध्ये आकिरा ओगाता यांनी ते स्फटिकाच्या रूपात बनवलं.

1938 पासून जर्मनीत ते 'पेर्विटिन' या नावाच्या गोळ्यांत विकलं जाऊ लागलं. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना झोप येऊ नये म्हणून या गोळ्या वाटल्या गेल्या. जपानमध्ये तेच औषध 'फिलोपॉन' म्हणून मिळत होतं. युद्ध संपलं, उरलेले साठे बाजारात आले आणि जपानमध्ये व्यसनाची पहिली मोठी लाट उसळली. 1951 मध्ये तिथे उत्तेजकांविरुद्ध कायदा करावा लागला.

हा इतिहास सांगायचं कारण असं की हा पदार्थ जगात आला तोच थकव्यावरचा उपाय म्हणून. आजही अनेकांची सुरुवात अशीच होते. रात्रपाळीत जागं राहायचं असतं, परीक्षेचा अभ्यास उरकायचा असतो, वजन उतरवायचं असतं, नाहीतर पार्टीत पहाटेपर्यंत नाचायचं असतं. पहिल्या दिवशी कुणीच व्यसनी व्हायला निघालेलं नसतं.

भारतात मेथचा मोठा ओघ म्यानमारच्या बाजूने येतो. मिझोराम आणि मणिपूरमध्ये मेथ आणि कॅफीन यांच्या मिश्रणाच्या 'याबा' गोळ्या वारंवार पकडल्या जातात. नोव्हेंबर 2024 मध्ये तटरक्षक दलाने अंदमानच्या समुद्रात एका बोटीतून सुमारे सहा टन मेथ जप्त केलं. सामाजिक न्याय मंत्रालयाने 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी पाहणीनुसार 10 ते 75 वयोगटातील 0.18 टक्के लोक मेथच्या जातीची उत्तेजकं घेत होते. दारू पिणारे 14.6 टक्के होते. त्या तुलनेत आकडा छोटा दिसतो, पण भारताच्या लोकसंख्येत तो लाखांच्या घरात जातो.

एक गल्लत इथेच दूर करायला हवी. मुंबई-पुण्याच्या बातम्यांत जे 'एमडी' वाचायला मिळतं, ते मेथ नव्हे, ते मेफेड्रोन. 2015 मध्ये त्याचा अमली पदार्थांच्या कायद्यात समावेश झाला. दोन्ही पदार्थ वेगळे असले तरी मेंदूतल्या एकाच दारातून शिरतात. मेफेड्रोनचा अंमल लवकर उतरतो, म्हणून एका रात्रीत ते पुन्हा पुन्हा घेतलं जातं. पुढे उपचारांबद्दल जे येईल, ते बहुतांशी एमडीच्या व्यसनालाही लागू पडतं.

मेंदूतली पंगत

आपल्या मेंदूत डोपामीन नावाचं एक रसायन असतं. त्याला आनंदाचं रसायन म्हणायची पद्धत पडली आहे, पण त्याचं मुख्य काम थोडं वेगळं आहे. "हे महत्त्वाचं आहे, लक्षात ठेव, पुन्हा मिळव" हा निरोप ते पोचवतं. तहानेला पाणी मिळालं, परीक्षेत पास झालो, बाळ हसलं, की हा निरोप जातो. सकाळी अंथरुणातून उठून कामाला लागावंसं वाटतं, त्यातही त्याचा हात असतो.

हा निरोप कसा जातो, ते पंगतीच्या उदाहरणाने पाहू. एक चेतापेशी म्हणजे कोठीघर. तिथे डोपामीन बारीक बारीक पिशव्यांत भरून ठेवलेलं असतं, जशी पदार्थांनी भरलेली पातेली. शेजारची पेशी म्हणजे पंगतीला बसलेला माणूस. त्याच्या पुढ्यातलं पान म्हणजे डोपामीन स्वीकारणाऱ्या जागा. त्यांना ग्राही म्हणतात. दोन पेशींच्या मध्ये अगदी अरुंद फट असते.

काही चांगलं घडलं की कोठीघरातून वाढपी येतो आणि पानावर बेताने वाढतो. फटीत जे उरतं ते तसंच पडून राहत नाही. दुसरा एक गडी ते गोळा करतो आणि कोठीघरात परत नेऊन ठेवतो. हा गडी म्हणजे वाहक नावाचं प्रथिन. वाढणं आणि आवरणं, दोन्ही वेळच्या वेळी होत असल्यामुळे पंगत शिस्तीत चालते.

आता मेथ येतं. त्याच्या रेणूची घडण डोपामीनशी इतकी मिळतीजुळती असते की वाहक त्याला आपलंच समजून उचलतो आणि थेट कोठीघरात घेऊन जातो. आत गेल्यावर मेथ तीन गोष्टी करतं. एक, ते पातेली कलंडवतं, म्हणजे पिशव्यांतलं डोपामीन बाहेर सांडतं. दोन, जादा झालेलं डोपामीन मोडीत काढणाऱ्या विकराला ते रोखतं. आणि तीन, उरलेलं आत आणणाऱ्या गड्यालाच ते उलटा फिरवतं. जो आवरत होता, तोच आता बादल्या भरभरून बाहेर ओतू लागतो.

उंदरांवरच्या प्रयोगांत असं दिसलं की चविष्ट खाण्याने मेंदूच्या एका भागातलं डोपामीन साधारण दीडपट होतं. मेथचा सख्खा भाऊ असलेल्या ॲम्फेटामीनने ते सुमारे दहापट झालं. आयुष्यातली कुठलीही नैसर्गिक घटना इतकं वाढू शकत नाही. शिवाय हा पूर लवकर ओसरतही नाही. कोकेनचं शरीरातलं प्रमाण सुमारे तासाभरात निम्म्यावर येतं, मेथच्या बाबतीत त्यालाच 10 ते 12 तास लागतात.

"पुरे, पुरे!"

पंगतीत वाढपी ऐकेनासा झाला तर आपण काय करतो? पानावर हात आडवा धरतो. मेंदूही तेच करतो. डोपामीनचा पूर वारंवार येऊ लागला की समोरची पेशी आपले ग्राही कमी करते. म्हणजे पानावर हात येतो. दुसरीकडे कोठीघरही रिकामं होत जातं, आणि सततच्या भडिमाराने काही चेतातंतूंची टोकं दुखावतात.

मग नशा थांबते. वाढपी पुन्हा नेहमीसारखं बेताने वाढू लागतो. पण पानावरचा हात अजून आडवाच आहे! पुरणपोळी, सामना, मित्राची हाक, आईचा स्पर्श, सगळं वाढलं जातं आणि पानापर्यंत काहीच पोचत नाही. मुलगा आईचा अपमान करत नसतो. त्याला खरोखरच चव लागत नसते. आणि तो आडवा हात भेदून जाईल इतकं जोरात वाढणारी एकच गोष्ट त्याला ठाऊक असते.

यात आठवणींची भर पडते. पहिल्या पावसात मातीचा वास आला की आपल्याला क्षणात आजोळचं अंगण आठवतं, आपण ठरवून आठवत नाही. डोपामीनने "लक्षात ठेव" असं दहापट आवाजात सांगितलेलं असतं, म्हणून नशेशी जोडलेली प्रत्येक खूण अशीच मेंदूत कोरली जाते. चांदीसारखा कागद, लायटर, ठराविक रिक्षाथांबा, पगाराचा दिवस, फोनमधलं एक नाव. यातलं काहीही समोर आलं की ओढ उसळते. तिला तल्लफ म्हणतात. त्याच वेळी कपाळामागचा मेंदूचा भाग, जो "थांब, विचार कर" म्हणतो, तो नशेमुळे मंदावलेला असतो. गाडीचा वेग वाढलेला आणि ब्रेक सैल, अशी ही अवस्था.

शरीर काय सांगतं

नशेच्या काळात माणूस दोन-दोन, तीन-तीन दिवस झोपत नाही, जेवत नाही. हृदयाचे ठोके, रक्तदाब आणि अंगाचा ताप वाढतो. तरुण वयातही हृदयविकार किंवा मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. तोंड कोरडं पडतं, दात करकर खाल्ले जातात, गोड पेयं पोटात जातात, आणि दात झपाट्याने किडतात. कातडीखाली किडे वळवळत असल्याचा भास होतो आणि माणूस अंग खाजवून जखमा करून घेतो.

घराला सर्वांत घाबरवतो तो संशय. "खिडकीतून कुणीतरी पाहतंय", "तुम्ही सगळे मिळून माझ्याविरुद्ध आहात" असं तो ठामपणे म्हणतो. नसलेले आवाज ऐकू येतात. नशा थांबल्यावर बहुतेकांमध्ये हे काही दिवसांत किंवा आठवड्यांत ओसरतं. काहींमध्ये ते लांबतं आणि त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञाची औषधं लागतात.

छातीत दुखणं, अंग भट्टीसारखं तापणं, झटका येणं, शुद्ध हरपणं किंवा आवरता न येणारा उद्रेक यांपैकी काहीही दिसलं तर वाट पाहायची नाही. थेट मोठ्या रुग्णालयाचा अपघात विभाग गाठायचा आणि काय घेतलं ते डॉक्टरांना खरं सांगायचं.

उपचाराचे तीन टप्पे

पहिला टप्पा नशा उतरण्याचा. माणूस दिवसच्या दिवस झोपतो, उठला की अधाशासारखा खातो, चिडतो, रडतो. हे साधारण आठवडा-दोन आठवडे चालतं. या काळात मन इतकं खोल जाऊ शकतं की आत्महत्येचे विचार येतात. म्हणून त्याला एकटं सोडू नये, आणि डॉक्टरांचं लक्ष असावं.

दुसरा टप्पा सर्वांत फसवा. शरीर सावरलेलं असतं, झोप लागते, चेहरा उजळतो, आणि सगळ्यांना वाटतं की संपलं एकदाचं. आपल्या गोष्टीतली आई याच टप्प्यावर आहे. पानावरचा हात आडवाच असतो आणि घराचं लक्ष उडालेलं असतं. इथे बोलून केले जाणारे उपचार कामाला येतात. समुपदेशक रुग्णासोबत बसून त्याच्या तल्लफेचा नकाशा काढतो : कुठल्या वेळी, कुठल्या जागी, कुठल्या भावनेत ओढ उसळते? मग प्रत्येक खुणेसाठी आधीच तोड ठरवली जाते. पगाराच्या दिवशी बहीण सोबत असेल. जुना नंबर काढून टाकायचा. ओढ आली की वीस मिनिटं चालायला निघायचं, कारण तल्लफ लाटेसारखी चढते आणि उतरतेही. अमेरिकेत 1980 च्या दशकात लॉस एंजेलिसमध्ये आकाराला आलेली 16 आठवड्यांची 'मॅट्रिक्स' पद्धत याच धाटणीची आहे. तिच्यात रुग्ण, गट आणि कुटुंब या तिघांसाठी आठवड्याचं वेळापत्रक आखलेलं असतं.

तिसरा टप्पा लांबचा. संशोधक नोरा व्होल्को आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या अभ्यासात मेथ सोडलेल्यांच्या मेंदूची छायाचित्रं घेतली होती. 12 ते 17 महिने दूर राहिलेल्यांमध्ये डोपामीन आवरणाऱ्या त्या गड्यांची, म्हणजे वाहकांची, संख्या बरीचशी भरून आलेली दिसली. स्मरणशक्ती आणि हालचालींच्या चाचण्या मात्र तितक्या सुधारल्या नव्हत्या. यातून दोन गोष्टी कळतात. मेंदू भरून येतो, आणि त्याला वर्ष-दीड वर्ष द्यावं लागतं. नियमित व्यायामाने ग्राही सावरायला मदत होते, असंही एका अभ्यासात दिसलं आहे.

छोटं बक्षीस, मोठं काम

मेथच्या व्यसनावर आजवर सर्वांत भक्कम पुरावा ज्या उपचाराचा आहे, तो ऐकायला फारच साधा वाटतो. रुग्ण आठवड्यातून दोनदा तपासणीला येतो. लघवीत मेथ सापडलं नाही, तर लगेच, त्याच जागी, त्याला एक छोटं कूपन मिळतं. सलग तपासण्या चांगल्या आल्या की कूपनाची किंमत वाढत जाते. एखादी बिघडली की किंमत पुन्हा पहिल्या पायरीवर येते. कुणी ओरडत नाही, कुणी हाकलत नाही. अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी 2011 मध्ये ही पद्धत स्वीकारली. कॅलिफोर्नियाने 2023 पासून आपल्या सरकारी आरोग्य योजनेत ती 24 आठवड्यांसाठी आणली.

"नशा न करण्यासाठी पैसे द्यायचे?" असा आक्षेप येतो, आणि तो समजण्यासारखा आहे. पण पंगत आठवा. या माणसाला "पाच वर्षांनी तुझा संसार उभा राहील" हे बक्षीस पोचतच नाही. त्याच्या मेंदूला हातात पडणारी, आत्ताची गोष्ट कळते. नशेची सगळी ताकद 'लगेच' या शब्दात आहे, म्हणून उपचारही 'लगेच'च्या बाजूने उभा केला जातो. दर मंगळवारी-शुक्रवारी मिळणारं ते कूपन आडव्या हाताच्या फटीतून पानावर पडणारा पहिला घास असतो.

ही सोय आपल्याकडे सहज मिळत नाही, पण तिच्यातलं तत्त्व घरात वापरता येतं. तपासणी केंद्रातच होऊ द्या, घरच्यांनी पोलीस व्हायची गरज नाही. मात्र चांगला दिवस त्याच दिवशी दखलपात्र ठरू द्या. सोबत चहा, आवडता सिनेमा, भावाबरोबर एक फेरफटका. दखल लहान असावी, लगेच घ्यावी आणि दर वेळी घ्यावी.

गोळी का नाही?

ब्राऊन शुगर किंवा हेरॉइन सोडणाऱ्यांसाठी मेथॅडोन, बुप्रेनॉर्फिन ही औषधं आहेत. ती त्याच ग्राहींवर संथपणे बसून ओढ शमवतात. मेथसाठी अशी मान्यताप्राप्त औषधं अजून नाहीत. जानेवारी 2021 मध्ये 403 जणांवरच्या एका अमेरिकी चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात नाल्ट्रेक्सोनचं इंजेक्शन आणि बुप्रोपियॉनची गोळी एकत्र दिली होती. औषध घेणाऱ्यांपैकी 13.6 टक्क्यांना फायदा झाला, खोटं औषध घेणाऱ्यांपैकी 2.5 टक्क्यांना. फरक खरा आहे, पण जादू नाही. म्हणून "एका इंजेक्शनात व्यसन सुटेल" किंवा "चहातून पूड द्या, त्याला कळणारही नाही" अशा जाहिरातींपासून लांब राहावं. नैराश्य, संशय, निद्रानाश यांवर मात्र चांगली औषधं आहेत आणि ती जरूर घ्यावीत.

घरच्यांनी काय करावं

नशेत असताना वाद घालू नका. संशयाला पुरावे देऊन खोडून काढता येत नाही. "तुला भीती वाटतेय, मी इथे आहे" एवढं पुरतं. बोलायचं ते झोप झाल्यावर, एकट्यात, थोडक्यात. उसनवारी फेडण्यासाठी रोख देऊ नका, डॉक्टरांची फी परस्पर भरा. "लग्न केलं की सुधारेल" हा उपाय तर मुळीच करू नका. त्यात एका मुलीचं आयुष्य उपचाराच्या नावाखाली पणाला लागतं. आणि तो यायला तयार नसेल, तर आधी तुम्ही समुपदेशकाकडे जा. घर बदललं की त्याच्या पावलांची दिशा बदलायला मदत होते.

1986 मध्ये पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांच्या मदतीने 'मुक्तांगण' सुरू केलं, तेव्हा समोर गर्दचं, म्हणजे ब्राऊन शुगरचं, संकट होतं. पदार्थ बदलले, पण रुग्णाइतकंच त्याच्या घरच्यांना सोबत घेण्याची तिथली रीत आजही तितकीच मोलाची आहे. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या मानसोपचार विभागांतही उपचार मिळतात. केंद्र निवडताना नोंदणी आहे का, मानसोपचारतज्ज्ञ येतात का, घरच्यांना भेटू देतात का, हे विचारा. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनाचे आजारही येतात, आणि रुग्णाला साखळीने बांधायला या कायद्याने मनाई आहे. मारहाण करून, डांबून 'सुधारणाऱ्या' जागा म्हणजे उपचार नव्हेत.

पोलिसांची भीती अनेक घरांना गप्प बसवते. अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम 64अ मध्ये याचा विचार केलेला आहे. सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात अडकलेली व्यसनी व्यक्ती स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. उपचार अर्धवट सोडले तर ते काढून घेतलं जाऊ शकतं. वकिलाचा सल्ला घ्या, पण भीतीपोटी उपचार लांबवू नका.

आईच्या प्रश्नाकडे परत

तर, "मग पुन्हा का?" कारण दोन महिन्यांत अंग स्वच्छ झालं होतं, पानावरचा हात अजून उचलला गेला नव्हता. त्या संध्याकाळी सर्वांत आधी त्याच्या जिवाची काळजी घ्यायची, कारण मधल्या खंडानंतर पूर्वीइतकी मात्रा शरीराला झेपत नाही. दुसऱ्या दिवशी केंद्राला फोन करायचा. मग समुपदेशकासोबत बसून ती संध्याकाळ तपासायची : तो कुठून आला, कुणाचा फोन आला होता, दुपारी जेवला होता का? या साठ दिवसांनी एक गोष्ट दाखवून दिलेली असते, की तो साठ दिवस राहू शकतो. पुढची आखणी एकसष्टाव्या संध्याकाळसाठी करायची असते, आणि ती कशी असते हे आता घराला माहीत झालेलं असतं.

चौकट : थोडक्यात

• मेथ शरीरातून काही दिवसांत जातं. मेंदू सावरायला वर्ष-दीड वर्ष लागू शकतं.
• दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातला निरुत्साह हा आळस नाही, तो आजाराचा भाग आहे. सोबत याच काळात सर्वांत जास्त हवी.
• समुपदेशन, चांगल्या तपासणीला तत्काळ छोटं बक्षीस, कुटुंबाचा सहभाग आणि व्यायाम यांचा उपयोग होतो.
• छातीत दुखणं, खूप ताप, झटका, बेशुद्धी किंवा आत्महत्येची भाषा : ताबडतोब रुग्णालय.
• व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय मदतवाहिनी : 14446. मानसिक आधारासाठी 'टेली मानस' : 14416. दोन्ही मोफत.
• पुन्हा नशा झाली तर उपचार थांबवू नका. घट्ट करा.